कोणात जास्त?

चित्राचं पान उघडलं की बाई आधी त्याच्यावर तळवा ठेवायच्या. अर्धं चित्र झाकायच्या, वर्गाकडे बघायच्या आणि आवाज न चढवता म्हणायच्या, "दिसतंय ते सांगा. दिसत न्हाई ते बी सांगा."

मागच्या पानावर तारेवर बसलेले पोपट पोरांनी पाहिलेले असत. आता काही बोटांमागे गेलेले. मग पहिलीतली पोरं माना वाकड्या करून बाईंच्या बोटांच्या फटीतून बघायची, आपसात कुजबुजायची आणि शेवटी कुणीतरी ठामपणे सांगायचं, "दोन झाकलेत." बाई हात उचलायच्या. पोपट असायचेच. वजाबाकी हा शब्द त्या वर्गात फार उशिरा यायचा, आणि आला तेव्हा कुणी त्याला घाबरायचं नाही.

आमची शाळा अहमदपूर तालुक्यात, लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात होती. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, शिक्के नवे होते आणि पाऊस मात्र सलग पाठ फिरवून बसला होता. बाई लोह्याच्या. त्यांच्या वडिलांनी छपन्न साली धम्म घेतला, आणि मुलीला शिकवायचं हे त्याच वर्षी ठरवून टाकलं, असं त्या सांगायच्या. सांगताना त्यांच्या आवाजात उपकाराची भाषा नसे. रीतच ती, असा सूर असे.

पुस्तकं त्या स्वतः करायच्या. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी, बियाणाच्या दुकानातून आणलेले जाहिरातींचे कागद, गोधडीच्या सुईने घातलेले टाके. रंग म्हणजे गेरू, हळद, कोळसा आणि कपड्यांची नीळ. त्यामुळे त्यांच्या पुस्तकातलं आभाळ आणि पाणी नेहमी धुतलेल्या धोतरासारखं दिसायचं. पानावर आकडा एकही नसे. मी एकदा विचारलं, "बाई, गणिताचं पुस्तक अन् आकडा कुठंय?"

"येतोय की मागून. त्याला काय घाई हाय?" त्या म्हणाल्या.

एक पुस्तक भाकरीचं होतं. पहिल्या पानावर अख्खी भाकरी, दुसऱ्यावर अर्धी, मग चतकोर, मग चतकोराच्या निम्मी नितकोर. माझ्या चौथीच्या पोरांना अपूर्णांक समजावता समजावता माझा घसा कोरडा पडायचा, आणि भिंतीपलीकडे पहिलीची पोरं "दोन चतकोर म्हंजे अर्धी" असं भाजीच्या भावासारखं सहज बोलत असायची. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक घर जेवायला बसलेलं होतं. बाप, आजी, दोन लेकरं, प्रत्येकाच्या हातात चतकोर, आणि चुलीपाशी आई. ते पान उघडलं तेव्हा एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आईची कुठाय?"

त्या वर्षी हा प्रश्न चित्रातल्या घराचा नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बाईंनी पुस्तक मिटलं नाही. "खरं हाय. चुकलं माझं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तकाला एक पान जास्तीचं शिवलेलं होतं. त्यात भाकरी तेवढीच, पण तुकडे पाच. मग तो एकेक तुकडा चतकोराहून लहान का, यावर पोरांची चांगलीच चर्चा रंगली.

जिल्ह्याच्या नव्या कचेरीतून एकदा एक साहेब तपासणीला आले. बाईंच्या हातातलं पुस्तक घेऊन त्यांनी पहिलीतल्या एका पोरापुढे धरलं. "कोंबड्या किती आहेत, सांग."

पोराने विचारलं, "तोंडं मोजू का शेपट्या?"

साहेबांनी पुस्तक आपल्याकडे वळवून पाहिलं. कोंबड्या झाकायच्या डालग्याच्या मागून एक शेपटी बाहेर आलेली होती. ते हसले आणि जाताना बाईंना एवढंच म्हणाले, की सरकारी पुस्तकही वापरत जा.

"वापरते की साहेब," बाई म्हणाल्या. "ते वाचायला. हे बघायला."

पण बाईंचं खरं पाणी दिसलं ते पाण्यावरूनच.

उन्हाळ्यात गावातले आड आटले आणि टँकर सुरू झाला. ग्रामपंचायतीने नियम केला, घरटी तीन भांडी. ऐकायला सरळ नियम. पण वाड्या-बंगल्यांतून तांब्याचे हंडे यायचे आणि पूर्वेच्या बौद्ध वस्तीतून, मजुरांच्या घरांतून लहानशा बिंदग्या, जर्मनच्या कळश्या, एखादं पातेलं. तीन भांडी तिकडेही आणि तीन इकडेही. लोकांना दिसत होतं. बोलायची सोय नव्हती. बोललं तर उत्तर तयार असे : नियम सगळ्यांना एकच हाय.

बाईंनी तेव्हा भांड्यांचं पुस्तक केलं. प्रत्येक पानावर दोन भांडी शेजारी शेजारी. उंच आणि पसरट. लहान तोंडाचं, मोठ्या पोटाचं. पान उघडायचं आणि विचारायचं, "कोणात जास्त?" पोरं भांडायची, दोन तट पडायचे. मग शाळेच्या मागे नाल्यातली वाळू आणून तांब्या, वाटी, गडवा भरून बघायचं. पाणी सांडायची चैन कुणाला होती? उंच दिसणाऱ्या भांड्याला पसरट भांडं हरवायचं तेव्हा पोरं चकित व्हायची. शेवटच्या पानावर एका बाजूला हंडा होता, दुसऱ्या बाजूला बिंदग्यांची ओळ.

आठवडाभरात ते पुस्तक टँकरपाशी पोचलं. पुस्तक नव्हे, प्रश्न. रांगेत उभी असलेली दुसरीतली एक पोरगी टँकरवाल्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यांच्या एका हंड्यात आमच्या समद्या बिंदग्या मावतेत. मग सारखं कसं झालं?" त्यावर बायका बोलल्या, बायकांवर पुरुष बोलले आणि टँकर अर्धा भरलेला तसाच तासभर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच शाळेत आले. मागे दोन-तीन माणसं. सरपंच वयस्कर, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. मी माझा वर्ग सोडून बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"बाई, लेकरांना भांडायला शिकवायलात का?"

"न्हाई आबा. मोजायला शिकवायले."

मागच्यांपैकी एक जण म्हणाला, "आपल्या लोकांची बाजू घ्यायलात, असं सरळ सांगा की."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी त्या माणसाकडे एकदा पाहिलं. भांड्यांचं पुस्तक उचललं आणि सरपंचांपुढे धरलं. "आबा, आधी बघा. मग मला जे बोलायचं ते बोला. मी ऐकून घेते."

सरपंच खुर्चीवर टेकले. त्यांची नात दुसरीतच होती. ती उठून आजोबांच्या मांडीपाशी गेली आणि तिने पानं उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पानाला विचारायची, "कोणात जास्त, आबा?" सरपंच दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा नातीने आनंदाने त्यांना दुरुस्त केलं. पोरं हसली, तेही थोडे हसले. हंड्याच्या पानावर मात्र ते थांबले.

"हंड्यात," ते म्हणाले. मग मान वर करून बाईंना म्हणाले, "पण बाई, आमच्या घरात खाणारी तोंडं बी जास्त हायेत. ते तुमच्या पुस्तकात कुठाय?"

मला वाटलं, आता संपलं. पण बोलली ती नात. "बाई, माणसांचं पान काढायचं राहिलं."

"राहिलं खरं," बाई म्हणाल्या. "आबा म्हणतेत ते बरोबर हाय. नुसतं भांडं बघून भागत न्हाई." त्यांनी तिथल्या तिथे कोळसा घेतला आणि फरशीवर घरं काढली. काही घरांत पुष्कळ माणसं, काही घरांत मोजकी. "आता वाटा बरं पाणी," त्या पोरांना म्हणाल्या. पोरं फरशीवर वाकली. सरपंचही गुडघ्यावर हात टेकून वाकले.

त्यानंतर टँकरपाशी तेलाचा एक पत्र्याचा डबा आला. भांडं कुठलंही असो, माप डब्याचं आणि माणशी. सरपंचांच्या घराला फारसा फरक पडला नाही, तिथे माणसं खरोखरच जास्त होती. फरक पडला तो दोन माणसं आणि तीन हंडे असलेल्या घरांना. त्यातल्या एका घराने आपली पोरं शाळेतून काढली. बाईंना रस्त्यात ऐकू जाईल अशा आवाजात टोचून बोलणारेही निघाले. मी त्यांना म्हणालो, "बाई, थोडे दिवस सबुरीनं घ्या."

"गुरुजी, मी काय भाषण केलं का?" त्या म्हणाल्या. "चित्र काढलं." आणि संध्याकाळी त्या पोरं काढलेल्या घरी स्वतः गेल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. पोरं मात्र सोमवारी वर्गात होती.

दोन पावसाळे बरे गेले आणि बाईंनी बदली मागितली, तीही नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला. त्यांचे यजमान तिकडे वनखात्यात कारकून होते, त्यामुळे अर्ज मंजूर झाला. पण मी विचारलं तेव्हा त्यांनी कारण वेगळंच सांगितलं. "तिथं पहिलीच्या लेकरांना आपली मराठी येत न्हाई म्हणे. कुणी गोंडी बोलतंय, कुणी बंजारा, कुणी तेलुगू. मास्तर बोलतोय अन् लेकरं नुसती बघतेत. मग बघायचंच तर काहीतरी बघण्यासारखं असावं की."

सकाळच्या नांदेड गाडीने त्या गेल्या. सरपंचांनी त्यांची पेटी स्वतः टपावर चढवून घेतली. पोरांनी हात हलवले, बाईंनी खिडकीतून मान डोलावली, आणि आम्ही शाळेत परतलो.

त्या दिवशी दोन्ही वर्ग माझ्याकडे होते. मी पोरांना कागद दिले आणि जे हवं ते काढा म्हणालो. दुपारपर्यंत सगळी खोली पालथी पडून चित्र काढत होती. एका मुलीने एस.टी. काढली होती, लाल, लांबलचक, खिडक्यांची ओळ असलेली. प्रत्येक खिडकीत एक तोंड. एकच खिडकी रिकामी.

"इथं बाई काढायच्या राहिल्या का?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "न्हाई गुरुजी. ही जातानाची गाडी न्हाई, म्हागारी येतानाची हाय," ती म्हणाली. "बाई तिकडं उतरल्यात."