धाकटीच्या टिप्स

ऑस्ट्रेलियाला जायचं मी ठरवलं ते कांगारू बघायला नव्हे. मला फक्त एकदा सकाळी उठून दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा प्यायचा होता.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी पश्चिम किनाऱ्यावर क्युपर्टिनोला, तीन तास मागे, तिच्या मीटिंगा संपतात तेव्हा माझे डोळे मिटायला लागलेले असतात. ओहायोतल्या या डब्लिनमध्ये मी आणि चार बेडरूमचं घर. मी भांडं आपटलं नाही तर दिवसभर आवाज म्हणून होत नाही, त्यामुळे मी भांडी आपटते. पलंगाची एकच बाजू चुरगळते, दुसरी महिनोन्महिने इस्त्री केल्यासारखी असते. ऑफिसात सुट्ट्या साठल्या होत्या आणि वर्ष संपायच्या आत घेतल्या नाहीत तर बुडणार होत्या. मॅनेजर म्हणाला, "गो समव्हेअर वॉर्म." मला ऊब देणारं ठिकाण एकच आठवलं. धाकटी बहीण मेलबर्नला असते.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आई पंगतीत वाढायची तेव्हा पाहुण्याचं पहिलं 'नको' ती ऐकूनच घ्यायची नाही. दुसऱ्या 'नको'ला अर्धी पोळी वाढायची. तिसऱ्यांदा पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरच थांबायची. आम्ही दोघी त्यातच वाढलो. 'नको' म्हणणं हे पाहुण्याचं काम आणि ते न ऐकणं हे घरच्यांचं.

तर मी फोनवर धाकटीला येतेय म्हणून सांगितलं आणि पाठोपाठ म्हणाले, "राहायचं मी हॉटेलात बघते गं. तुमची दोघांची कशाला धावपळ." तिथे मी माती खाल्ली. हे अगदी तोंडदेखलं होतं. आता ती म्हणणार, वेडी का काय ताई, घर असताना हॉटेल कसलं. मग मी थोडी कुरकुर करणार आणि मग ठरणार.

ती म्हणाली, "बरं, चालेल. मग फ्री ट्राम झोनमध्येच हॉटेल घे. सिटीत त्या पट्ट्यात ट्रामला तिकीट लागत नाही."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, पण लहान मुलीसारखी रुसले हे खरं आहे. सख्खी बहीण, आणि मला ट्रामचा पट्टा सांगते.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "मॉम, जस्ट टेल हर यू वॉन्ट टू स्टे विथ हर."

"असं सांगत नाहीत."

"व्हाय नॉट?"

याचं उत्तर मला इंग्रजीत येत नाही. मराठीत येतं, पण ते ऐकायला ती थांबत नाही.

मग मीही हट्टाला पेटले. मनाशी म्हटलं, तुझ्या घरी जागा नाही ना, मग मी मेलबर्नलाच कशाला येऊन पडू? सगळा देशच बघते. पुढच्या शनिवारी तिला म्हणाले, "सिडनी, ब्रिस्बेन, ॲडलेड, सगळं करीन म्हणते." मनात आशा की आता तरी ही म्हणेल, अगं मग माझ्याकडे कधी राहणार? उलट बाई खूश झाल्या. तेव्हापासून दर शनिवारी माझी संध्याकाळ आणि तिची रविवारची सकाळ असताना टिप्सचा रतीब सुरू झाला.

सिडनीत त्या महागड्या क्रूझवर चढू नकोस, मॅनलीला जाणारी साधी फेरीबोट पकड, तोच पूल आणि तेच ऑपेरा हाऊस दिसतं. ब्रिस्बेनला नदीवर फुकटची बोट आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून राहा. ॲडलेडच्या मार्केटमध्ये गर्दी ओसरल्यावर जा, तेव्हा भाजीवाल्यांना बोलायला वेळ असतो. मेलबर्नला एका दिवसात चार ऋतू होतात, उन्हाळा असला तरी जॅकेट सोडू नकोस. आणि विमानात फॉर्म देतील त्यावर खाण्याचं सगळं डिक्लेअर कर, गोडा मसालासुद्धा, मेतकूटसुद्धा. लपवलंस तर वाईट.

मी हूं हूं करायची आणि आतून धुमसायची. टुरिझम खात्यात नोकरी लागली की काय हिला? चार शहरांची ट्राम सांगितली, बोट सांगितली, पण स्वतःच्या घरी कसं यायचं ते एकदाही नाही. तिच्या नवऱ्याचं विचारलं की "कामात असतो" एवढंच. आणि फोनवर मागे नेहमी रस्त्याचा आवाज. कधी ट्रामची घंटा, कधी कसलेतरी पक्षी. मी म्हणायची, काय गं, घरात पाय ठरत नाही का तुझा? ती हसायची. मला वाटायचं, मजेत आहे, नवरा-बायको रविवारी सकाळी फिरायला बाहेर पडत असतील. हेवा वाटायचा. बहिणीचा हेवा करू नये म्हणतात, पण ज्याचं घर रिकामं असतं त्याला विचारा.

इकडे माझे शनिवार कसे जायचे ते कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी लायब्ररी, पण मुलांच्या विभागाजवळची जागा, कारण तिथे बडबड असते. मग इंडियन ग्रोसरी. एकदम सगळं सामान आणायचं नाही, आज कढीपत्ता, उद्या दही, म्हणजे दोनदा जाता येतं आणि काउंटरवरचे काका दोनदा "काय म्हणता" विचारतात. मग फर्निचरचं मोठं दुकान, तिथे सोफ्यावर बसलं तर कुणी उठवत नाही, गिऱ्हाईक आहे असं समजतात. थंडी वाढली की कार वॉश. गाडीत बसून राहायचं, चहूबाजूंनी ब्रश फिरतात, तेवढा वेळ कुणीतरी आपल्यासाठी काही करतंय असं वाटतं. माझी गाडी अख्ख्या डब्लिनमध्ये सगळ्यात स्वच्छ असेल.

थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी धाकटी मेलबर्नबद्दल सांगत होती. म्हणाली, "लायब्ररीत तो मोठा घुमट आहे ना, त्याच्याखाली कडेचं टेबल घे. संध्याकाळपर्यंत कुणी काही विचारत नाही. आणि शहराला वळसा घालणारी ट्राम आहे, फुकट, तीत बसून राहिलं तरी चालतं." मी सवयीने हूं म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि ताई, कॅफेत टेबलावर बसू नकोस. खिडकीकडे तोंड करून उंच स्टुलं असतात, तिथे बस. एकट्याला ते बरं पडतं. समोर रिकामी खुर्ची राहत नाही."

माझं हूं तोंडातच राहिलं.

संसारी माणसाच्या टिप्स अशा नसतात. संसारी बाई सांगते, पार्किंग कुठे मिळतं, कुठली भाजी स्वस्त, कुठे रांग लागते. समोरची खुर्ची तिला दिसतच नाही, कारण त्या खुर्चीवर कुणीतरी बसून मोबाइल बघत असतं. ती खुर्ची मला दिसते. नवरा गेल्यावर पहिल्यांदा बाहेर एकटी जेवायला गेले तेव्हा वेटरने समोरची प्लेट आणि काटे-चमचे उचलून नेले होते, त्यानंतर मी कधी टेबलावर बसले नाही. मीही खिडकीकडच्या स्टुलावरच बसते. आणि फुकटच्या बोटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोण बसतं? मार्केटमधल्या माणसांना बोलायला वेळ कधी असतो, हे कुणाला ठाऊक असतं? ही मला ऑस्ट्रेलिया सांगतच नव्हती. ही मला तिचे रविवार सांगत होती, आणि मी बावळट, रागावण्यात गुंग होते.

मी म्हटलं, "तू आत्ता कुठे आहेस?"

"बाहेर आहे. का गं?"

"एकटी?"

मागे ट्रामची घंटा वाजली.

"मला म्हणतेस मेतकूट डिक्लेअर कर," मी म्हणाले, "आणि स्वतः काय लपवून बसलीयस?"

आधी ती हसली. मग त्या हसण्याचं रडणं झालं. मग थांबत थांबत सांगितलं. ते दोघं वेगळे झाले, त्याला वर्ष होत आलं होतं. भांडण नाही, मारामारी नाही, दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरलं नव्हतं इतकंच. घर विकलं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात मागची खोली घेतली होती. बाईंचा मुलगा आणि नातवंडं रविवारी जेवायला येतात, तेव्हा मध्ये लुडबुड नको म्हणून ही सकाळीच बाहेर पडायची. लांबचा वीकेंड आला तर दुसऱ्या शहरात जाऊन यायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्यावर आधीच एवढं आलेलं. त्यात माझं कशाला? आणि तू येते म्हणालीस तेव्हा मला इतका आनंद झाला ताई, पण आणू कुठे तुला? तू आपण होऊन हॉटेल म्हणालीस, मला हुश्श झालं."

म्हणजे मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते, आणि तिच्याकडे ताकच नव्हतं. दोन सख्ख्या बहिणी, जगाच्या दोन टोकांना, एकमेकींची काळजी वाटून एकमेकींशी खोटं बोलत होतो. मला तिचा राग आला, माझा आला, आणि रडूही आलं. रडले. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

मग म्हणाले, "मी तुझ्याकडे राहणार."

"नको गं ताई. खोली एवढीशी आहे."

"माझं सिडनी कॅन्सल. ब्रिस्बेन कॅन्सल. सगळे दिवस तुझ्याकडे."

"नको ना. बाथरूम कॉमन आहे. तुला नाही जमणार."

"राजवाड्यात लहानाची मोठी झाले का मी? दोन खोल्यांत सहा माणसं होतो आपण. मी खाली झोपेन."

"खरंच नको, ताई. मला बरं नाही वाटणार, तू असं मला बघितलंस तर."

हे तिसरं 'नको' होतं, आणि हे खरंखुरं होतं. आई असती तर इथे थांबली असती. पण आईला समोर हात दिसायचा. फोनवर हात दिसत नाही, म्हणून मी वाढतच राहिले. म्हटलं, "मग मी तुला अशी बघते आणि तूही मला अशीच बघ. मी सोफ्यांच्या दुकानात जाऊन बसते शनिवारी, गिऱ्हाईक असल्यासारखी." हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

मग ती नाक ओढत म्हणाली, "चहा मी करीन सकाळी. बाई उशिरा उठतात, किचन रिकामं असतं."

मला जे हवं होतं ते तिने न मागता दिलं, आणि मी नुसतं बरं म्हणाले.

"एअरपोर्टवर मी येते घ्यायला," ती म्हणाली. "आणि येताना उशी आण. माझ्याकडे एकच आहे."

माझ्या पलंगावर दोन होत्या. दुसरीला तीन वर्षांत मी हात लावला नव्हता. फोन ठेवला, त्या उशीचा अभ्रा बदलला आणि बॅगेत सगळ्यात आधी ती भरली.