गालाखालची पट्टी

बंदुकीबद्दल मी लिहावं, हे मलाच धाडसाचं वाटतं. मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही लिहायला घेतलं की कुणाची तरी परवानगी घ्यायची राहिली, असं वाटत राहतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी ज्यांच्या तळघरात भाड्यानं राहतो, ते म्हातारे गृहस्थ दरवर्षी हरणांच्या शिकारीला जायचे. उन्हाळ्यात त्यांनी मला वर बोलावलं. यंदा त्यांना आपल्या वडिलांची रायफल न्यायची होती, पण नेम धरताना डोळा जागेवर येत नव्हता. त्यांच्या मुलीनं स्क्रू फिरवून उंची कमीजास्त करता येणारा प्लास्टिकचा दस्ता आणून दिला होता. तो खोक्यातच पडून होता.

"सर, हा बसवला तर सोपं जाईल," मी म्हणालो.

"सर नको म्हणू. मी भाडं घेतो, परीक्षा नाही. आणि त्या प्लास्टिकपेक्षा मी फ्रिजला गाल लावीन. हे अक्रोडाचं लाकूड आहे."

रायफल रिकामी असल्याचं त्यांनी मला दाखवलं. मग डोळे मिटून ती खांद्याला लावली, दस्त्यावर गाल टेकवला आणि डोळे उघडले. दस्ता मापाचा असला की डोळा आपोआप नळीवरच्या खाचेच्या रेषेत येतो. त्यांचा खाली जात होता. मी माप घेऊन गालाखाली फेल्टच्या जाड कापडाची पट्टी चिकटवली. डोळा रेषेत आला. ते खूश झाले, मी त्याहून जास्त.

सप्टेंबरात डोळा पुन्हा खाली. आणखी एक पट्टी. ऑक्टोबरात पुन्हा तेच.

"इंजिनिअर, कॉलेजकडून फी परत माग," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही. घरचे गावभर सांगतात, मुलगा अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकतो. आणि मला एक गाल मोजता येईना. फेल्ट दबतंय का, लाकूड वाकलंय का, सगळं तपासलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचो ते फक्त डोळा कुठे येतो एवढ्यापुरतं.

शिकारीचा हंगाम जवळ आला तसे ते रायफल घेऊन मुलीकडे गेले. हंगाम सुरू झाला, बर्फ पडला, वरचे दिवे काही लागले नाहीत.

परवा मुलीचा मेसेज आला. बाबा हंगामाआधीच गेले. कॅन्सर होता, त्यांना मार्चपासून माहीत होतं. शेवटी गालांची नुसती हाडं राहिली होती. रायफल आता ती वापरणार आहे. लाकडाला धक्का न लावता त्या पट्ट्या कशा काढायच्या, एवढंच तिनं विचारलं होतं.