ओलं गोणपाट आणि दोन सेन्सर

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या वहिनींचा. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो. कापसाची ती वाईट वर्षं होती. बाजारात खोटं बियाणं यायचं आणि पाकिटावरून काही कळायचं नाही. म्हणून पेरणीआधी वहिनी प्रत्येक पाकिटातले थोडे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत आणि किती उगवतात ते पाहत.

दादा चिडायचा. "एवढं महागाचं बियाणं, अन् तू सडवून राह्यली!"

"वावरात सडण्यापरीस घरात सडलेलं बरं," वहिनी म्हणत.

एका वर्षी सगळेच दाणे उगवले. दादा खूश झाला. "पाह्य, उगाच वाया घालवले ना?"

"वाया कायले? आता पेरल्यावर मले झोप येईन." आणि ते कोंब त्यांनी परसात जुन्या डब्यांमध्ये लावले. वावरात जिथं रोप धरणार नाही, तिथं ते कामी येत.

बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला पाठवायचं की नाही, यावर घरात बराच खल झाला. कॉलेज कोणीच पाहिलेलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजींले पाठवून त पाहा. उगवले त उगवले!" सगळे हसले, आणि मी गेलो.

पुढे एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. बाजारात मिळणारे साधे कॅमेरा सेन्सर उपग्रहात टिकतील का, हे आम्ही तपासायचो. अवकाशातल्या किरणोत्सारानं सेन्सर हळूहळू खराब होतो, चित्रात पांढरे ठिपके वाढत जातात. म्हणून काही सेन्सर गॅमा किरणांखाली मरेपर्यंत ठेवायचे. वर जातात ते त्याच लॉटमधले, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, त्यांचे भाऊबंद.

एकदा एक लॉट पास झाला, पण उपग्रहासाठी हाती आले ते त्याच मॉडेलच्या दुसऱ्या लॉटचे, तेही मोजकेच. साहेब म्हणाले, "मॉडेल तेच आहे. पुन्हा तपासलं तर तारीख हुकेल." अहवालावर सही माझी जाणार होती, आणि मी तर नवखा.

"सर, पाकीट तेच असलं म्हणून बियाणं तेच असतं असं नाही," मी कसंबसं म्हणालो. "आणि वर दुबार पेरणी होत नाही."

साहेबांनी हातातले सेन्सर मोजले. मग म्हणाले, "घ्या दोन. पण नापास झाले तर वरच्यांना तोंड तुम्हीच द्यायचं."

दोन्ही किरणांखाली ठेवले. निकाल हाती आला त्याच दिवशी मी पत्र लिहिलं:

ती. वहिनींस सा. नमस्कार,

दोन्ही पास झाले. हवं होतं त्याहून जास्त टिकले, मग मेले. साहेब म्हणाले, "उगाच दोन जाळले ना?" मी म्हणालो, "वाया कायले सर? आता कॅमेरा वर गेल्यावर मले झोप येईन." त्यांना वऱ्हाडी येत नाही, पण हसले.

तुमचे कोंब वावरात लागायचे. माझे सेन्सर मात्र कशालाच लागत नाहीत; तिथं तुमची बरोबरी अजून साधली नाही. साहेबांना विचारून त्यातला एक सोबत पाठवतो आहे. भिऊ नका, हात लावल्यानं काही होत नाही. दादाला दाखवा आणि सांगा, भाऊजी उगवले.