सुखरामकाका आणि गर्दीतली आरोळी

करडीत माझं मोबाईलचं दुकान आहे. गावातला झाडून प्रत्येक फोन कधी ना कधी माझ्या हाताखालून जातो, त्यामुळे कोण काय ऐकतं हे मला सरपंचापेक्षा जास्त ठाऊक. कोणाकडे भजनं, कोणाकडे दंडारीचे, म्हणजे आमच्या लोकनाट्याचे व्हिडिओ, बाकीच्यांकडे लग्नातला डीजे. रेगे, म्हणजे ते जमैकाकडचं संगीत, ऐकणारा माणूस मात्र आख्ख्या पंचक्रोशीत एकच: सुखरामकाका. वय पासष्ट, धानाच्या चार बांध्या म्हणजे खाचरं, गळ्यात शेला आणि कानाला हेडफोन.

दर सोमवारी दुपारी ते दुकानाच्या बाकावर येऊन बसत. मी त्यांना चांगली स्वच्छ, स्टुडिओतली गाणी भरून दिली की तोंड वाकडं करत.

"हे बंद खोलीतलं नको देऊ बापू. जेथं लोकं बोंबलतेत, तसं दे."

म्हणजे मैदानात, माणसांसमोर वाजवलेलं. शिट्ट्या, टाळ्या, मधेच फुटणारा माईक, सगळ्यासकट. मी आधी हसायचो, खोटं कशाला बोलू? दहावी नापास म्हातारा, इंग्रजीचा शब्द कळत नाही, आणि लंडनच्या कुठल्याशा मैदानातली दोन तासांची मैफल डोळे मिटून ऐकतो. गावाला तर फुकटची करमणूकच झाली होती. काका दुरून दिसले की पोरं कमरेत लचकून दाखवत.

पण काकांचा कान कच्चा नव्हता. तरुणपणी ते दंडारीत ढोलकी वाजवायचे. एकदा मला म्हणाले, "हे लोकं पयला ठोका सोडूनच देतेत रे. तेथं कोणीच नसते. पण आपला पाय बराबर तेथंच पडते." मी त्यानंतर ऐकून पाहिलं. खरंच तसं होतं. तेव्हापासून मी हसणं कमी केलं.

हे वेड त्यांना लावलं प्रफुल्लनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं. तो गोव्याला एका साऊंडवाल्याकडे कामाला होता. कार्यक्रमाच्या ठिकाणी मोठाले बॉक्स उचलायचे, वायरी ओढायच्या आणि कार्यक्रम होईपर्यंत तिथंच उभं राहायचं. उभ्या उभ्या तो फोनवर रेकॉर्डिंग करायचा. एकदा गावातलं कोणी गोव्याहून परत येत होतं, त्याच्याबरोबर त्यानं एक मेमरी कार्ड पाठवलं. त्यात तीन मैफिली होत्या, तिन्ही रेगेच्या. दुसऱ्या मैफिलीत गाणं संपतं, क्षणभर सगळं शांत होतं, आणि अगदी फोनजवळून आरोळी येते: "हो, हो, होऽऽय!" शेवटाला आवाज वर चढून फाटतो.

आमच्याकडे बांधीतून घरच्यांना बोलवायला आरोळी देतात आणि ती घराघराची वेगळी असते. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या पलीकडून नुसती आरोळी आली तरी कोणाचं माणूस शिदोरीची वाट पाहतंय ते कळतं. ही आरोळी सुखरामकाकांच्या घरची. पोरानं तिकडे, हजार माणसांत, गंमत म्हणून बापाची आरोळी दिली होती.

ते कार्ड आलं आणि दोन महिन्यांनी, म्हणजे दोन हजार तेराच्या एप्रिलात, प्रफुल्लचा फोन बंद झाला. काका दोनदा गोव्याला जाऊन आले. साऊंडवाला म्हणाला, काम सोडून गेला. पोलिसांनी लिहून घेतलं. पुढे काहीच नाही.

तर काका गाणी ऐकत नव्हते. गर्दी ऐकत होते. कुठल्या तरी मैफिलीत, गाणं थांबल्यावर, ती आरोळी पुन्हा येईल म्हणून. "अहो, हे तर साता समुद्रापलीकडचं आहे," मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "गोव्याहून जहाजं जातेतच ना?" दर सोमवारी तासभर बसत आणि उठताना चेहरा असा व्हायचा की मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मागच्या जानेवारीत ते तापातून उठून आले. बाकावर बसले आणि म्हणाले, "आता आयकू कमी येऊन रायलं रे बापू. त्यानं आवाज देला अन् मले आयकूच नाही आला तं?"

आणि मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. जुन्या कार्डातल्या मैफिली माझ्या कॉम्प्युटरवर होत्याच. त्यातली आरोळी मी कापली आणि गोव्यातल्या, त्याच जानेवारीत झालेल्या एका कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्यांच्या मधे बसवली. वर शहाणपणा असा, की आवाज थोडा जाडा केला. बारा वर्षांत आवाज जाडा होणारच ना!

पुढच्या सोमवारी काकांनी ते ऐकलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तसं हसताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"भरला रे आवाज त्याचा," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, म्हातारा एक दिवस खूश होईल आणि तिथंच मिटेल. इतका मूर्ख माणूस सगळ्या मोहाडी तालुक्यात सापडायचा नाही. त्या दिवसापासून मलाच ते वेड लागलं. दुकानात कुठलंही मैफिलीचं रेकॉर्डिंग लावलं आणि टाळ्या सुरू झाल्या की माझे कान टवकारायचे. आपण स्वतः चिकटवलेली आरोळी, आणि मीच तिची वाट पाहतोय! एकदा तर भरदुपारी ऐकू आल्यासारखी वाटली. हातातला फोन टाकून मी बाहेर येऊन उभा राहिलो.

एप्रिलात बारा वर्षं पूर्ण झाली. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. सत्यवतीकाकूंनी, म्हणजे प्रफुल्लच्या आईनं, तिथी काढून आणली. काकांनी ठाम नकार दिला. माझं पोरगं जिवंत आहे, जानेवारीत मी त्याला ऐकलंय, जित्याला कोण जाळतं?

काकू माझ्या दुकानात आल्या. बाकावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"तुह्यं आयकतेत ते. त्यायले समजव. तो जिता असन तं मी देवाच्या पाया पडन. पण बारा वर्सं मले कोणी रडू नाही देलं रे. डोळ्याले पदर लावला का म्हणतेत, जित्या पोरासाठी काहून रडतेस? मले एकदा रडू द्या."

त्याच दुपारी मी दुकान बंद करून काकांच्या घरी गेलो. अंगणात ते दोर वळत बसले होते. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

काका हसले. "तुह्या काकूनं पाठवलं ना तुले? खोटं कायले बोलून रायला?"

मी फोन काढला. आधी जानेवारीची आरोळी लावली, मग तीच, जाडेपणा काढून. मग जुन्या कार्डातली. शेवटचा तो फाटका स्वर तिन्हीत एकाच जागी फाटत होता. ढोलकी वाजवलेल्या माणसाला आणखी काय समजावायचं? ते म्हणाले, "पुन्हा लाव." मी लावली. दोर त्यांच्या हातातून सुटला आणि उलगडत गेला.

"आवाज जाडा काहून केला होता?"

"बारा वर्षांनी तसा झाला असता म्हणून, काका."

"हो," ते म्हणाले. "तसाच झाला असता."

ओसरीवर काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या रडल्या ते कसं सांगू? शेजारपाजारच्या बाया धावत आल्या आणि अंगणात येऊन थबकल्या. कोणी त्यांना गप्प केलं नाही. मी तिथून पळून जाणार होतो, पण काकांनी माझं मनगट धरलं.

"सोमवारी येजो. पयला खांदा तू देजो."

मला वाटलं, ही शिक्षा आहे. असेलही.

सोमवारी सकाळी पुतळा तयार होता. पळसाचे देठ, पानं, डोक्याच्या जागी नारळ. काकूंनी त्याला प्रफुल्लचा निळा शर्ट घातला होता आणि वरचं बटण उघडं ठेवलं होतं, तो ठेवायचा तसं. तिरडीला वजन असं नव्हतंच. चौघांनी उचलताना ती भसकन वर आली आणि आम्ही सवयीनं भराभर चालायला लागलो. नदीकडचा उतार लागला तसा माझा पाय घसरला, तिरडी हिंदकळली.

मागून काकांचा हात माझ्या पाठीवर आला.

"हळू चाल बापू," ते म्हणाले. "त्याले धक्का लागन."