नंदू म्हणजे माझा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — जमतंय का बघू.

मी राज्याच्या संघाकडून तीन सामने खेळलो. तीनच. बॅटिंगच्या नावाने उजेडच होता, पण सीमारेषेवर चपळ होतो म्हणून घेतलं. आज इकडे कानडी मुलखात, मारतहळ्ळीत पोरांना क्रिकेट शिकवतो, घर चालतं, लोक 'सर' म्हणतात. कुणामुळे? महादेवअण्णांमुळे. अकादमी त्यांची. माझे सामने संपले, मी घरी बसलो, तेव्हा शोधत आले आणि मला कामाला घेऊन गेले. देवमाणूस — हा शब्द मी उगाच वापरत नाही.

अण्णा माझ्याच संघात होते. माझ्या दुसऱ्या सामन्यात एक उंच फटका आम्हा दोघांच्या मधोमध आला. अण्णा ओरडले, "नंदूऽ!" कानडीत त्याचा अर्थ 'माझा' — झेल मी घेतो, तू थांब. आणि माझं नाव नंदू! मी धावलो. धडकलो. झेल माझ्या हातात राहिला, अण्णांचा गुडघा गेला. ते पुन्हा कधी खेळले नाहीत.

इस्पितळात मी म्हणालो, "अण्णा, मला वाटलं तुम्ही मलाच हाक मारलीत." पायाला प्लास्टर, तरी माणूस पोट धरून हसला! "सरी, सरी — बरं बाबा, चूक तुझं बारसं करणाऱ्यांची." तेव्हापासून दर वर्षी नव्या पोरांना तो किस्सा ते मला सांगायला लावतात. पोरं हसतात. अण्णा हसतात. मीही — हसतोच की.

खरं सांगू? मी निपाणीचा. कानडी माझ्या अंगणातली भाषा. मला कळलं होतं. हाक मारणारा माणूस आपल्याकडे बघतो ना? अण्णा वर बघत होते, चेंडूखाली बरोबर उभे. झेल त्यांचाच होता. पण निवड समितीची माणसं समोर बसली होती, आणि मला अजून एक सामना हवा होता.

मिळाला. एक.

अण्णांनी जेवढी माया केली, तेवढी सख्ख्या भावानेही केली नाही. रोज मनातल्या मनात त्यांना हात जोडतो — ते खोटं नाही. अकादमीच्या जिन्याला कठडा नाही. संध्याकाळी उतरताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात. दुसऱ्या कुणाच्या ठेवत नाहीत.