पुतळीचा अनंत

दिग्गी गावाच्या वरच्या अंगाला, रानाच्या पोटात, सात घरांची एक वाडी होती. एकोणीसशे बाराच्या सुमाराची गोष्ट. पुतळी त्या वाडीतली. तिच्या अंगणात अनंताचं झुडूप होतं. लग्नात आईनं नंदिगड्ड्याहून पाठवलेलं. पुढं आई गेली, माहेरचं झाडही वाळलं. राहिलं ते एवढंच. एरवी मोजकं बोलणारी पुतळी ते फुललं की जरा जास्त बोलायची.

वाडीतली माणसं कुमरी करीत. झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नाचणी पेरायची. जमीन दमली की वाडीच उठायची. त्या साली जाणत्यांनी ठरवलं, दिवाळी झाली की कुंभारवाडा गावाकडं सरकायचं. सोडलेल्या वाडीत लवकरच गवे-सांबरं चरायला येतात. मागं राहिलेलं झाड गेलंच म्हणायचं. खणून न्यावं, तर मुळं खडकात शिरलेली.

"फांद्या लावून बघते," पुतळी नवऱ्याला म्हणाली.

"नाचणी न्ह्यायला माणसं पुरंनात," धाकलू म्हणाला, "आन् हिला झाड न्ह्यायचंय."

आषाढात तिनं करंगळीएवढ्या जाड आठ फांद्या कापल्या. राखेत सगळं उगवतं हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तिनं कुमरीतली टोपलीभर राख आणली, मातीत कालवली, अन् सात फांद्या ओळीनं खोचल्या. आठवी ओट्यावर राहिली. नवव्या दिवशी साती फांद्यांची पानं काळी पडली.

"राख कमी पडली आसंल," शेजारची रुक्मा म्हणाली.

पुतळीनं आणखी राख घातली. आठवड्याभरात काड्या पार कुजल्या.

श्रावण सरता सरता ती ओढ्यावर पाण्याला गेली होती. पाणी घ्यायला धाकलूनं तिथं बांबूची पन्हळ बसवली होती. ती हलू नये म्हणून बाजूच्या ओल्या वाळूत एक काडी खुंटीसारखी ठोकलेली. त्या काडीला दोन कोवळी पानं फुटली होती. पुतळीनं वाकून बघितलं. अनंताचीच होती.

"आवो, ही पन्हळीची खुंटी कुठनं आणली?"

"वट्यावर पडली हुती. का?"

"ती लागलीय."

"मी ठोकली न्हवं, लागंल न्हाई तर काय," धाकलू म्हणाला.

पुतळी तिथंच बसून विचार करीत राहिली. वर सावली, खाली वाळू, सतत ओल. अन् राखेचा कण नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बांबूची पाच नळकांडी तोडली, बुडाला भोकं पाडली, ओढ्याची वाळू भरली अन् नव्या फांद्या लावल्या. खुंटीही अलगद काढून सहाव्या नळकांड्यात ठेवली. रोज पाणी घातलं. उपटून मात्र एकदाही बघितलं नाही, हात शिवशिवले तरी.

वाडी उठली त्या दिवशी तिच्या डोक्यावरच्या पाटीत ती सहा नळकांडी होती. वाटेत दोन कलंडली, त्यांतल्या फांद्या मोडल्या. चार पोचल्या.

नव्या जागी घर-अंगणासाठी धाकलूनं झाडोरा तोडला, पंधरा दिवस वाळवला अन् रीतीप्रमाणं पेटवला. आग घराच्या जागेवरून पुढं सरकली तशी पुतळी पूर्वेच्या कोपऱ्यात, वाळल्या पाल्यापुढं, नळकांडी मांडीशी घेऊन बसली.

"उठ गं. भाजशील."

"हितं राख नगं मला."

"येवढ्या जाग्यात काय नाचणी पेरायची हाय का?"

"न्हाई. म्हणूनच नगं."

धाकलूनं तिच्याकडं बघितलं, मग नळकांड्यांकडं. बाजूच्या झाडाची ओली फांदी तोडून त्यानं झोडपून आग विझवली अन् त्या कोपऱ्यातला पाला हातानं ओढून बाहेर काढला. जळक्या अंगणात तेवढ्या कोपऱ्याची माती तांबडी राहिली.

पावसाळ्यात तिथं चारी रोपं लावली. तीन जगली. तिसऱ्या वर्षी एकाला फूल आलं, तेव्हा रुक्मा फांदी मागायला आली. पुतळी कोयता आणायला आत गेली होती.

"लावा कुठंबी," धाकलू ओट्यावरून सांगत होता, "पर राख घालू नगा. सोसत न्हाई त्येला. मला तवाच कळलं हुतं."

आतून पुतळीनं ऐकलं. ती कोयता घेऊन बाहेर आली अन् रुक्मासाठी दोन फांद्या कापल्या.