मेहुणीच्या सासरची ओल

माझ्या मेहुणीच्या होणाऱ्या सासरच्या भिंतीला मी भोक पाडलं, ही गोष्ट खरी आहे. ते किती मोठं होतं याबद्दल मात्र वाद आहे. माझ्या मते त्यातून फार तर एक बशी गेली असती. माझी बायको सुलू म्हणते, बशी हातात घेऊन मीसुद्धा गेलो असतो.

शहात्तर साल असेल, नाहीतर सत्त्याहत्तर. (सुलूला विचारलं तर ती वारासकट सांगेल, म्हणून विचारत नाही.) मी तेव्हा ठाण्याला एका बांधकाम ठेकेदाराच्या कचेरीत टायपिस्ट होतो. बांधकामाशी माझा संबंध एवढाच, की नव्या इमारतीत बिऱ्हाडं राहायला गेली की दोन महिन्यांत त्यांची पत्रं येत: भिंतींना ओल आली, कपाटात बुरशी धरली. त्यावर आमचे शेठ उत्तर सांगत, की ओल भिंतीची नसून राहणाऱ्यांच्या सवयींची आहे. ते उत्तर मी टाइप करी. तीन-चार वर्षं हेच केल्यामुळे गिलावा, लोणा (म्हणजे भिंतीवर फुटणारा पांढरा खार), बुरशी हे शब्द माझ्या बोटांना पाठ झाले होते. फक्त बोटांना. पण सासुरवाडीला, दिघाशीला, हा बारकावा कुणाला ठाऊक नव्हता आणि मीही तो आपणहून कुणाच्या नजरेस आणला नव्हता. तिथं मी 'बांधकामातला जावई' होतो! गोठ्याचा कूड कलला तरी माझं मत घेतलं जाई. मी एक डोळा मिटून कुडाकडे बघे आणि "पाऊस संपू दे, मग बघू" म्हणे. पाऊस संपला की सासरे तो स्वतःच सरळ करत.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. सुलूच्या पाठची मंजुळा त्यांची धाकटी. मॅट्रिक झालेली, जिभेला धार, आणि लहानपणापासून दमा. दमट हवा आली की तिच्या छातीत पेटीचा भाता वाजायला लागे. तिच्यासाठी भिवंडीचं स्थळ आलं होतं. मुलगा वसंत लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. घरी तो आणि आई, दोन खोल्या स्वतःच्या. दम्याचं आबांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं आणि मुलाच्या आईनं, काशीबाईंनी, त्याबद्दल एक शब्द वाकडा काढला नव्हता. सगळं जुळत होतं. पण घराची एक भिंत शेजारच्या लूमच्या शेडला लागून आहे हे आबांच्या कानावर आलं आणि त्यांनी मला बोलावणं धाडलं.

"जावयबापू, पोरगा मी बगितला हाय," आबा म्हणाले. "घर तुमी बगा. वलीच्या घरात माजी पोर टिकायची न्हाय."

मी म्हटलं, मग त्यांना तसा निरोप द्या, म्हणजे रीतसर तपासता येईल. ('रीतसर' हा शब्दही टायपातलाच.) आबांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. घर तपासायला माणूस येतोय असं कळवलं तर ती बाई विचारील, मी सून आणतेय का घर विकतेय, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी नव्या भाताचे पोहे पोचवण्याच्या निमित्तानं जायचं, गोड बोलायचं आणि गुपचूप भिंती बघून यायचं, असं ठरलं. निघताना मंजुळानं मला अंगणात गाठलं. "भाऊजी, बघा," ती म्हणाली, "पण कशाला हात लावू नका."

दसरा चार दिवसांवर होता. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की छत्री मी उन्हासाठी नेली होती. भिवंडीच्या त्या गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी लूमची खडखड. काशीबाईंनी दार उघडलं आणि घरातून भट्टीसारखी झळ आली. चारही कोपऱ्यांत शेगड्या धगधगत होत्या! भिंतींना ताजा चुना. कपाटातून कापराचा वास. आणि शेडला लागून असलेल्या भिंतीवर एक कोरी करकरीत चादर टांगलेली. ज्या घरात ओल नाही तिथं भर उन्हात शेगडी कोण पेटवतं? हे सगळं झाकण्यासाठी चाललंय, हे माझ्यातल्या तज्ज्ञानं उंबऱ्यावरच ओळखलं. सरळ मनाच्या माणसाला दुसरंही काही सुचलं असतं. पण मी तज्ज्ञ होतो.

काशीबाई पोहे घेऊन आत गेल्या, त्यातलेच फोडणीला टाकते म्हणाल्या. मी कामाला लागलो. ओल आधी नाकाला कळते, असं एका भाडेकरूनं पत्रात लिहिलं होतं. म्हणून मी कोपऱ्याकोपऱ्यात नाक भिंतीला टेकवून हुंगत फिरलो. काशीबाई पाण्याचा तांब्या ठेवायला बाहेर आल्या, माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि अतिशय अदबीनं म्हणाल्या, "पाहुणे, नाकाला चुना लागलाय."

त्या पुन्हा आत गेल्यावर मी चादर बाजूला केली. तिच्याखाली खांद्याच्या उंचीवर मोठा काळपट डाग होता. नव्या चुन्यातूनही वर आलेला! मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते. बोटानं दाबला, तो गार लागला. (त्या भट्टीत मी स्वतः सोडून सगळंच गार लागलं असतं.) ओल किती खोल आहे ते पाहावं म्हणून छत्रीचं टोक हळूच टोचलं. गिलाव्याचा पोपडा पडला. आणखी टोचलं, तशी एक वीट हलली. ती परत जागेवर बसावी म्हणून मी तिला सभ्यपणे जरा ढकललं. जेमतेम अर्धी वीट जाडीची भिंत ती. वीट पलीकडे गेली, जाताना आजूबाजूच्या तीन घेऊन गेली, आणि पलीकडच्या पाण्याच्या पिंपात पडल्याचे चार स्वतंत्र आवाज आले.

शेडमधला एक लूम थांबला. मग दुसरा. मग सगळेच. भिवंडीत राहणाऱ्यांना ठाऊक आहे, तिथं आवाजाला कुणी दचकत नाही, शांततेला दचकतात. भोकातून आधी एक डोळा दिसला, मग पांढरी दाढी, मग शेडचे मालक उस्मानशेठ यांचा संपूर्ण चेहरा. (यावरून भोकाच्या आकाराचा अंदाज येईल, असं सुलू म्हणते.)

"क्या चाहिए?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हणालो. "हम ओल देखता है."

त्यांनी माझं हिंदी सोसलं आणि माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत उत्तर दिलं. "ओल इकडे आहे. तुम्ही तिकडे कशाला शोधता?"

मग भोकातूनच त्यांनी मला समजावलं. असल्या कोरड्या उन्हात सूत कडक होतं आणि पटापट तुटतं, म्हणून शेडमध्ये फरशीवर पाणी मारतात, ओली गोणपाटं टांगतात. हवा दमट राहिली तर लूम चालणार. ती ओल काशीबाईंच्या घरात जाऊ नये म्हणून गेल्याच वर्षी त्यांनी आपल्या बाजूनं भिंतीला सिमेंटचा पातळ हात मारून वर डांबर लावून घेतलं होतं. इतकं पक्कं काम, की इकडे थेंब येत नव्हता. "आत्तापर्यंत," ते म्हणाले. आत्ता मात्र त्यांच्या शेडमधली दमट हवा भोकातून माझ्या तोंडावर येत होती, आणि खरं सांगायचं तर त्या उकाड्यात ती फार सुखाची वाटत होती.

काशीबाई पोह्यांची बशी घेऊन मागे उभ्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो डाग ओलीचा नाही, पाहुणे," त्या म्हणाल्या. "तेलाचा हाय. वसंता कामावरनं आला की तिथंच कपडे टांगतो. तीनदा चुना मारला, तेलावर बसत नाही, म्हणून चादर लावली." मग त्यांनी बशी माझ्या हातात दिली. "इचारलं असतंत तर मीच एकेक भिंत दाखवली असती. पोरीला दमा हाय म्हणून तर आठ दिवस शेगड्या पेटवतेय."

ते पोहे मी कसे गिळले ते माझं मला ठाऊक. आणि होते तर नव्या भाताचे, मऊ, खोबरं घातलेले. तेवढ्यात वसंत आला. त्यानं भोक पाहिलं, मला पाहिलं, छत्री पाहिली. "होतं कधीकधी," तो म्हणाला. आजवर कुणाच्याही घरी, कधीही असं झालेलं नसताना हे म्हणणारा मुलगा हातचा घालवायचा नाही, एवढं मला कळलं. अर्ध्या तासात तो स्वतःच भोक बुजवणार होता. पण मी कुठला ऐकतो? बांधकामातला माणूस मी. येत्या रविवारी येऊन स्वतः गिलावा करून देतो, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

घरी सुलूनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या छत्रीला कुलूप लावता येईल का, एवढंच विचारलं.

रविवारी सिमेंट उस्मानशेठनी दिलं. त्या काळात ते परमिटशिवाय मिळत नसे. वाळू तरी माझी असावी म्हणून मी अंजूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून गोणभर आणली. खाडीकाठची, बारीक, पांढरीशुभ्र. फुकट! विटा रचल्या, गिलावा थापला. शेवटची वीट लावताना पलीकडून उस्मानशेठचा आवाज आला, "बरंय, येत जा." काम इतकं देखणं झालं की मी दोनदा मागे सरून पाहिलं.

दिवाळी झाल्यावर आबा, मंजुळा, सुलू आणि मी असे चौघं भिवंडीला गेलो. आबांना माझा पराक्रम कळला होता. आता घर ते स्वतः बघणार होते. मंजुळानं उंबरा ओलांडला आणि तिला खोकल्याची अशी उबळ आली की आबांचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या नजरा आपोआप माझ्या गिलाव्याकडे गेल्या. तो तीन आठवड्यांनीही घामेजलेला होता. कडेनं लोणा फुटून पांढरी झालर धरली होती आणि मधोमध हिरवट बुरशी. माझ्या कचेरीतल्या सगळ्या तक्रारी एकाच जागी जमल्या होत्या.

मी म्हणालो, नवा गिलावा वाळायला वेळ घेतो. शेजारी म्हणून आलेले उस्मानशेठ पुढे झाले, नखानं जरा खरवडलं आणि जिभेला लावून पाहिलं. "खारट," ते म्हणाले. "वाळू कुठली?"

तेव्हा माझ्या बोटांना आठवलं. 'खाडीची वाळू गिलाव्यास वापरू नये, क्षारामुळे भिंत कायम ओल धरते.' ठेक्याच्या अटींमधलं हे वाक्य मी शंभर वेळा टाइप केलं होतं. वाचलं एकदाही नव्हतं.

मंजुळा तोवर बाहेर जाऊन श्वास घेऊन आली. पुन्हा आत आली, कोपऱ्यातल्या धुमसत्या शेगडीजवळ गेली आणि पुन्हा खोकली. मग काशीबाईंचा हात धरून म्हणाली, "आई, मला ओलीनं नाही, या धुरानं खोकला येतोय."

काशीबाई कपाळाला हात लावून मटकन बसल्या. महिनाभर न चुकता शेगड्या पेटवत होत्या त्या! मग एकदम उठल्या आणि चारही शेगड्या स्वतः उचलून अंगणात नेऊन विझवल्या. वसंतनं खिडक्या सताड उघडल्या. थोड्या वेळानं मंजुळाचा श्वास हलका झाला. ती एकटी घरभर फिरली, प्रत्येक भिंतीवर तळवा टेकवून पाहिला आणि माझ्या गिलाव्यापाशी येऊन थांबली.

"आबा, या घरात ओल एवढीच हाय," ती म्हणाली, "आणि ती आपणच आणलीय. मला घर पसंत हाय."

"आन् पोरगा?" आबांनी विचारलं.

"त्याला बघायला भाऊजींना धाडलं नव्हतं ना? मग तो चांगलाच असणार."

मार्गशीर्षात लग्न लागलं. मंजुळा त्या घरात छान रमली. दमा गेला नाही, पण दबून राहिला. माझा गिलावा पाडून नवा करायला वसंत कितीदा तरी हातोडा घेऊन उभा राहिला, तिनं करू दिलं नाही. कारण हवेत जरा दमटपणा वाढला की घरातल्या इतर कुठल्याही वस्तूच्या आधी तो तुकडा ओला होतो. मग ती पापडांचे डबे घट्ट लावते, अंथरुणं आत घेते आणि शेजारणींना सांगते, "भाऊजींना पाझर फुटला." उस्मानशेठ तर रोज सकाळी कामावर येताना दारातूनच विचारतात, "आज भाऊजी ओले का सुके?" आणि त्यावरून शेडमध्ये किती पाणी मारायचं ते ठरतं. म्हणजे निदान त्या एका गल्लीतलं कापड तरी माझ्या मार्गदर्शनाखाली विणलं जातं, असं म्हणायला हरकत नाही.

सुलू म्हणते, हरकत आहे.